श्वासाचे गणित मांडणारे जॉन स्कॉट हॉल्डेन

साउथ वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत २७ जानेवारी १८९६ रोजी स्फोट झाला आणि ५७ कामगार मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटना त्या काळात नवीन नव्हत्या. स्फोटाच्या दणक्याने किंवा आगीत होरपळून माणसे गेली, असे गृहीत धरून चौकशी उरकली जाई. या वेळी मात्र ऑक्सफर्ड विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारा ३५ वर्षांचा एक डॉक्टर तेथे पोचला आणि त्याने एकेका मृतदेहाची बारकाईने तपासणी केली. बहुतेकांच्या अंगावर जीव जाण्याजोगी जखम नव्हती. उलट, त्यांच्या त्वचेवर एक विचित्र गुलाबी झाक होती. स्फोटातून वाचलेल्या या कामगारांना नंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या वायूने मारले होते. त्याला ना रंग, ना वास. कामगारांनी तो नेहमीच्या हवेसारखाच श्वासावाटे आत घेतला होता.

या डॉक्टरचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन. खाणीत पिंजऱ्यातून नेला जाणारा कॅनरी पक्षी, पाणबुड्यांना वर आणण्याचे वेळापत्रक, विषारी वायूपासून सैनिकांना वाचवणारे मुखवटे आणि रुग्णाला शास्त्रशुद्ध रीतीने प्राणवायू देण्याची पद्धत या साऱ्यांमागे त्यांचे काम आहे. आपण श्वास का आणि किती घेतो, या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर त्यांनी दिले. मात्र हवेतील प्राणवायू फुप्फुसातून रक्तात नेमका कसा उतरतो, या मुद्द्यावर ते चुकले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्या चुकीला चिकटून राहिले. त्यांच्या चरित्रातील सर्वात उद्बोधक भाग कदाचित हाच असावा.

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरा येथे एका प्रतिष्ठित स्कॉटिश घराण्यात झाला. त्यांचे ज्येष्ठ बंधू रिचर्ड हे पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले. भगिनी एलिझाबेथ लेखिका आणि समाजकार्यकर्त्या म्हणून नावाजल्या, तर मामा जॉन बर्डन-सँडर्सन हे ऑक्सफर्डमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात धर्म, तत्त्वज्ञान आणि राजकारण यांची चर्चा नित्याची. तरुण हॉल्डेन यांनाही वैद्यकाइतकीच तत्त्वज्ञानाची ओढ होती. एडिंबरा आणि जर्मनीतील येना येथे शिक्षण घेऊन १८८४ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. तथापि, दवाखाना थाटून रुग्ण तपासण्यात त्यांना रस नव्हता.

त्यांच्या संशोधनाची सुरुवात झाली ती डंडी शहरातील गरिबांच्या घरांतून. दाटीवाटीच्या खोल्यांत, शाळांच्या वर्गांत आणि सांडपाण्याच्या भुयारी गटारांत शिरून ते आणि त्यांचे सहकारी हवेचे नमुने गोळा करीत. कोंदट खोलीत माणसाला अस्वस्थ करणारा घटक कोणता, हे शोधायचे तर हवेतील प्रत्येक वायू अचूक मोजायला हवा. त्यासाठी लागणारी साधने पुरेशी नव्हती, म्हणून हॉल्डेन यांनी ती स्वतः घडवली. वायूंचे पृथक्करण करणारे त्यांचे उपकरण पुढे कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले. १८८७ मध्ये ते ऑक्सफर्डला आले आणि त्यानंतर हेच शहर त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

इतरांवर प्रयोग करण्याआधी स्वतःवर करायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम जाणून घेण्यासाठी ते स्वतः तो वायू हुंगत बसत आणि रक्ताचे नमुने काढून त्यात वायू किती भिनला हे मोजत. रक्तातील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या विषारी वायूने व्यापेपर्यंत त्यांनी हा प्रयोग ताणला होता. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींमधील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य. कार्बन मोनॉक्साइडची त्याला प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक ओढ असते. त्यामुळे हवेत हा वायू अल्प प्रमाणात असला, तरी तो हिमोग्लोबिन अडवून बसतो. रक्त लालभडक दिसते, परंतु त्यातून शरीराला प्राणवायू मिळत नाही.

टायलर्सटाउनच्या चौकशीनंतर हॉल्डेन यांनी उपाय सुचवला तो अगदी साधा. माणसाच्या तुलनेत लहान प्राण्यांचा श्वसनाचा आणि रक्ताभिसरणाचा वेग कितीतरी अधिक असतो, म्हणून विषारी वायूची बाधा त्यांना आधी होते. खाणीत जाणाऱ्यांनी उंदीर किंवा छोटा पक्षी सोबत न्यावा आणि तो कोलमडताच माघारी फिरावे. यातूनच कॅनरी पक्ष्याचा पिंजरा खाणकामगारांच्या हाती आला. ब्रिटनमधील खाणींतून हे पक्षी हटवून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचा निर्णय १९८६ च्या अखेरीस झाला, म्हणजे ही युक्ती जवळपास नव्वद वर्षे टिकली.

प्रयोगांतून घरचे लोकही सुटले नाहीत. १८९१ मध्ये लुईसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलगा जॅक आणि मुलगी नेओमी यांचे बालपण वायूंच्या नळ्या आणि बाटल्या यांच्या संगतीतच गेले. एकदा खाणीत नेऊन त्यांनी लहानग्या जॅकला मिथेन साचलेल्या जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र त्याचा श्वास पूर्ववत झाला. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साचतो, हा धडा त्या मुलाला पुन्हा शिकवावा लागला नाही.

हॉल्डेन यांचे सर्वात मोलाचे शोधकार्य १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते समजून घेण्यासाठी फुप्फुसाच्या रचनेकडे वळणे भाग आहे. नाकावाटे आत गेलेली हवा श्वासनलिकेच्या फांद्या-उपफांद्यांतून वायुकोशांपर्यंत पोचते. वायुकोश म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागाएवढे फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते आणि ते सारे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. शहरातील दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढे हे क्षेत्रफळ छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून ठेवलेले असते. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. आतली हवा आणि बाहेरचे रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी असते.

वायुकोशांच्या तळाशी असलेली ही हवा तपासायची कशी, हाच पहिला पेच होता. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी त्यावर तोड काढली. माणसाने लांब नळीत जोराने पूर्ण श्वास सोडायचा. नाकातली आणि श्वासनलिकेतली हवा आधी बाहेर पडते, वायुकोशांतली सर्वात शेवटी. ती नळीच्या तोंडाशी राहते, तिचाच नमुना घ्यायचा. असे असंख्य नमुने तपासल्यावर एक आश्चर्यकारक गोष्ट पुढे आली. वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइडचा दाब प्रत्येक व्यक्तीत जवळपास स्थिर असतो. बाहेरच्या हवेत किंवा हवेच्या दाबात बऱ्यापैकी फरक पडला, तरी शरीर श्वासाची गती आणि खोली बदलून तो दाब सांभाळते. त्यात एका वातावरणदाबाच्या अवघ्या ०.२ टक्क्यांची वाढ झाली, तर विश्रांतीच्या स्थितीत वायुकोशांतील हवेची ये-जा दुप्पट होते.

माणसाला श्वास घ्यायला लावते ती प्राणवायूची कमतरता, ही समजूत या निष्कर्षाने मोडीत निघाली. एरवी श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. जिना चढताना धाप लागते ती स्नायूंतून वाढलेला हा वायू बाहेर टाकता यावा म्हणूनही. खाणीतल्या अनेक मृत्यूंचा उलगडाही यातूनच होतो. हवेतील प्राणवायू घटला, पण कार्बन डायऑक्साइड वाढला नाही, तर माणसाला गुदमरल्यासारखे वाटतच नाही. पुढचे पाऊल टाकता टाकता तो शुद्ध हरपतो.

यानंतर ब्रिटिश नौदलाने त्यांच्यापुढे पाणबुड्यांचा प्रश्न ठेवला. खोल पाण्यातून भरभर वर आलेल्या पाणबुड्यांना सांध्यांत असह्य वेदना होत, अर्धांगवायू होई, काही जण दगावत. खोल पाण्यातील वाढत्या दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत अधिकाधिक विरघळतो आणि दाब एकाएकी उतरला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसे त्याचे बुडबुडे सुटतात. बकऱ्यांना दाबाच्या कोठडीत ठेवून हॉल्डेन यांनी प्रयोग केले. दाब टप्प्याटप्प्याने, प्रत्येक थांब्यावर ठरावीक वेळ घालवून उतरवला, तर नायट्रोजनला फुप्फुसावाटे निमूट बाहेर पडायला अवधी मिळतो, असे त्यांनी दाखवून दिले. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनी असंख्य पाणबुड्यांचे प्राण वाचवले. आजची वेळापत्रके सुधारलेली आहेत, पण त्यांचा पाया तोच आहे.

याच काळात युरोपातील शरीरशास्त्रज्ञांत एका प्रश्नावर जोराचा वाद चालू होता. वायुकोशाचा तो तलम पडदा ओलांडून प्राणवायू रक्तात जातो, तो आपोआप की फुप्फुस त्याला ढकलते म्हणून? अत्तराचा वास खोलीभर पसरतो, तसा वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपसूक जातो, असे एक मत. याला विसरण म्हणतात. ग्रंथी जसा रस स्रवतात, तसे फुप्फुसाच्या पेशी स्वतः श्रम करून प्राणवायू रक्तात ओततात, असे दुसरे मत. कोपनहेगनचे प्राध्यापक क्रिस्तियान बोर हे दुसऱ्या मताचे अध्वर्यू होते. माशांच्या वाताशयात प्राणवायू अशाच रीतीने साठवला जातो, हे त्यांना ठाऊक होते. हॉल्डेन यांनीही लॉरेन स्मिथ यांच्यासह १८९० च्या दशकात केलेल्या मोजमापांवरून तोच निष्कर्ष काढला होता. धमनीतील रक्तात प्राणवायूचा दाब वायुकोशांतील दाबापेक्षाही अधिक भरतो, असे त्यांना आढळले. पाणी जर चढावर जात असेल, तर कोणीतरी ते उपसत असले पाहिजे, असा त्यामागचा तर्क होता.

या तर्काला तडा दिला तो बोर यांच्याच शिष्याने. ऑगस्ट क्रो आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी रक्तप्रवाहात हवेचा इवलासा बुडबुडा ठेवून त्यातील वायूंचे पृथक्करण करण्याची नाजूक पद्धत विकसित केली. १९१० मध्ये त्यांनी आपले निबंध प्रसिद्ध केले. धमनीतील रक्तात प्राणवायूचा दाब वायुकोशांपेक्षा नेहमी थोडा कमीच भरत होता. म्हणजे उपसा कुठेच नव्हता. विसरण पुरेसे होते. गुरूचे मत खोडून काढण्याचे दडपण क्रो यांच्यावर होते. बोर १९११ मध्ये वारले, तोवर गुरुशिष्यांत अंतर पडले होते. क्रो यांना १९२० मध्ये केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी नोबेल पुरस्कार मिळाला.

हॉल्डेन यांनी एक पाऊल मागे घेतले. विश्रांतीच्या वेळी विसरण पुरेसे असेल, पण प्राणवायूची चणचण भासली की फुप्फुस नक्कीच कामाला लागत असणार, अशी नवी भूमिका त्यांनी घेतली. ती तपासण्यासाठी १९११ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या शिखरावर गेले. उंची १४ हजार ११० फूट, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. डग्लस, हेंडरसन आणि श्नायडर या सहकाऱ्यांसह त्यांनी तेथे पाच आठवडे मुक्काम केला. रेल्वेने एकदम वर येणारे पर्यटक ओठ निळे पडून भोवळ येऊन कोसळत, तर हे चौघे हळूहळू सरावत गेले. त्यांचा श्वास खोल झाला, रक्तातील हिमोग्लोबिन वाढले. मेबल फिट्झजेरल्ड या संशोधिकेने त्याच मोहिमेसाठी खाली डोंगराळ खाणवस्त्यांत एकटीने फिरून तेथील रहिवाशांच्या वायुकोशांतील हवेची मोजणी केली. तिचे आकडे आजही ग्राह्य मानले जातात. शिखरावरील चौघांचा एक निष्कर्ष मात्र टिकला नाही. फुप्फुस तेथे प्राणवायू स्रवते, असे त्यांना मोजमापांत दिसले होते. धमनीतले रक्त थेट तपासलेले नव्हते. कार्बन मोनॉक्साइडच्या आधारे, रक्ताच्या रंगछटा डोळ्यांनी जुळवून हिशेबाने दाब काढला होता. त्या लांबच्या वाटेवर कुठेतरी चूक शिरली होती.

१९१४ मध्ये क्रिस्तियानसेन आणि डग्लस यांच्यासमवेत त्यांनी वायुविनिमयाचा आणखी एक दुवा उजेडात आणला. प्राणवायू सोडून दिलेले रक्त कार्बन डायऑक्साइड अधिक प्रमाणात उचलू शकते आणि फुप्फुसात प्राणवायू मिळताच तो वायू सहजी सोडते. ऊतींत उचल आणि फुप्फुसात उतार अशी ही दुहेरी सोय आज हॉल्डेन परिणाम या नावाने वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते.

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा मारा केला, तेव्हा ब्रिटिश सरकारला हॉल्डेन यांची आठवण झाली. ते तातडीने फ्रान्सला रवाना झाले. या वायूने वायुकोशांचा पडदाच जखमी होत होता. त्यात द्रव भरत होता आणि हवेत श्वास घेणारे सैनिक जमिनीवर बुडून मरत होते. ऑक्सफर्डला परतून त्यांनी स्वतःवर क्लोरीनचे प्रयोग करीत मुखवट्यांच्या कामाला हातभार लावला. आघाडीवरून मुलगा जॅकही या कामासाठी बोलावला गेला. जाडावलेल्या पडद्यातून प्राणवायू पार व्हायचा, तर हवेतील त्याचा दाब वाढवला पाहिजे, या विचाराने हॉल्डेन यांनी रुग्णाला मुखवट्यातून सलग प्राणवायू देणारे उपकरण तयार केले आणि १९१७ मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास थोरल्या भावावर जर्मनधार्जिणेपणाचे आरोप होऊन त्यांना मंत्रिपद गमवावे लागले होते. हॉल्डेन यांनी आपले काम थांबवले नाही.

युद्धानंतर वादाचा निकाल लागला. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट हे १९२० मध्ये कमी प्राणवायूच्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले आणि अखेरीस त्यांनी आपल्या मनगटाची धमनी उघडून रक्त काढू दिले. त्यातील प्राणवायूचा दाब वायुकोशांपेक्षा वरचढ नव्हता. पुढे पेरू देशातील सेरो दे पास्को येथे, १४ हजार फुटांवर, त्यांच्या तुकडीला हेच आढळले. शास्त्रज्ञांचे जग विसरणाच्या बाजूने वळले. हॉल्डेन मात्र वळले नाहीत. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्वसनावरील आपल्या ग्रंथात त्यांनी स्रवणाची बाजू मांडली आणि १९३५ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती सोडली नाही.

मोजमापाच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस येथेच का अडला, याचे उत्तर त्यांच्या तत्त्वचिंतनात सापडते. सजीव म्हणजे यंत्र नव्हे. तो आपल्या परिस्थितीशी सतत जुळवून घेणारे एक अखंड संघटन आहे, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती. श्वासाचे नियमन हा त्याचा सुंदर दाखला होताच. मग शरीराला प्राणवायूची निकड असताना फुप्फुसाने निष्क्रिय पडद्यासारखे बसून राहावे, हे त्यांच्या मनाला पटेना.

पण त्यांच्याच कामाचा आढावा घेतला तर दिसते, की हा पडदा निवड करीत नाही. वायुकोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याचे सुमारे १०० मिलिमीटर आणि शरीरभर फिरून आलेल्या रक्तात ४० असतो, म्हणून प्राणवायू आत येतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात ४५ आणि वायुकोशात ४० असतो, म्हणून तो बाहेर पडतो. तांबडी पेशी केशवाहिनीतून जाते त्या पाऊण सेकंदातील पहिल्या पाव सेकंदातच हा व्यवहार उरकतो. जो पडदा प्राणवायूला वाट देतो, तोच कार्बन मोनॉक्साइडला आणि नायट्रोजनलाही देतो. फुप्फुसाला निवडीची ताकद असती, तर टायलर्सटाउनचे कामगार कदाचित वाचले असते आणि कॅनरीची गरजच पडली नसती. फुप्फुस राखण करीत नसल्यामुळे बाहेरच्या हवेची राखण माणसालाच करावी लागते. हॉल्डेन यांनी चाळीस वर्षे केले ते हेच.

१९३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरही ते तेलशुद्धीकरण कारखान्यांतील उष्माघाताचा अभ्यास करण्यासाठी इराणकडे गेले. तेथून परतल्यावर थोड्याच दिवसांत, मार्च १९३६ मध्ये, ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. खाणीत शेक्सपिअर म्हणणारा त्यांचा मुलगा म्हणजेच विख्यात जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. वडिलांप्रमाणे स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्या या पुत्राने मृत्यूनंतरचा देहही काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाला देऊ केला होता.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, बोटाला लावायचे छोटे यंत्र घराघरांत आले. अनेक रुग्णांना फारशी धाप लागत नसतानाही त्या यंत्रावरचा आकडा धोक्याच्या खाली घसरत होता. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असेल, तर शरीर प्राणवायूच्या टंचाईची दवंडी फारशी पिटत नाही, हे हॉल्डेन यांनी शतकापूर्वीच सांगून ठेवले होते. आपल्या शहरांत मॅनहोलमध्ये उतरलेले कामगार गुदमरून दगावल्याच्या बातम्या आजही येतात. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. आत पाय ठेवण्यापूर्वी तिथली हवा तपासावी, हा टायलर्सटाउनचा धडा सव्वाशे वर्षांनंतरही सर्वत्र पोचलेला नाही.